चहा येईपर्यंत थांबा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीवर नुकतेच नेमले गेलेले तरुण पाळक विचारतात: "मंडळीत साधारण १२० कुटुंबं आहेत. माझा आठवडा उपदेशाच्या तयारीत, रविवारच्या लाइव्हमध्ये आणि व्हॉट्सॲपवर रोजचं वचन टाकण्यात जातो. उपदेश चांगला होतो असं लोक म्हणतात, तरी उपस्थिती घटते आहे. जुनी माणसं म्हणतात, आधीचे पाळकसाहेब घरी यायचे. घरोघर चहा पीत फिरण्यात सेवेचा वेळ वाया जात नाही का? जवळीक वाढली की पक्षपात आणि चहाड्याही वाढतात ना? शिवाय एक जुने स्टुअर्ड, म्हणजे मंडळीचे कारभारी, आहेत, बसस्टँडजवळ त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. आठ महिने ते उपासनेला आलेले नाहीत. त्यांच्याकडे कसं जावं?"

बंधू, मी ३४ वर्षं बेळगाव शहरात आणि भोवतालच्या तालुक्यांत पाळक म्हणून काम केलं. आता निवृत्त आहे. वेळ वाया जातो का, याचं उत्तर आधी देऊन टाकतो: जात नाही. पण "भेटी द्या" एवढंच सांगून भागणार नाही, कारण मीही पहिली दोन वर्षं भेटी देत होतो आणि त्या भेटींचा कुणाला काही उपयोग नव्हता.

पहिल्या वर्षातली गोष्ट. जांबोटीच्या रस्त्यावरचं एक गाव, जुलै महिना. त्या पट्ट्यात पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. एका विधवा अक्कांच्या घरी गेलो. रेनकोट पडवीत अडकवला, आत जाऊन स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली, वहीत त्यांच्या नावापुढे खूण केली आणि उठलो. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. त्या दिवशी मला सात घरं करायची होती. अक्का चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "बसा की वो, चहा ठेवलाय." मी म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की." आणि निघालो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा अक्का शेतात होत्या. शेजारीण दारात होती, तिनं सांगितलं. त्या दिवशी पाळकसाहेब यायचे म्हणून अक्का तिच्याकडून पावशेर दूध मागून घेऊन गेल्या होत्या, भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन. मी गेल्यावर अर्ध्या तासानं तेच दूध तसंच तिला परत आणून दिलं.

ते परत गेलेलं दूध मी अजून विसरलेलो नाही. मी घर उरकायला गेलो होतो. अक्कांनी माणूस येणार म्हणून तयारी केली होती. आपल्याकडे चहा ही पिण्याची वस्तू कमी आणि बसण्याची परवानगी जास्त असते. चहा नाकारला की घरानं ओळखायचं, याला बसायचं नाही. मग घरही पाहुण्यासारखंच वागतं. सगळं ठीक आहे म्हणून सांगतं, मुलांना हात जोडायला लावतं आणि निरोप देतं.

थांबायला शिकलो तेव्हा दुसरी एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या दहा मिनिटांत लोक पाळकाला सांगायच्या गोष्टी सांगतात: पाऊसपाणी, मुलाची परीक्षा, गुडघेदुखी. खरं बोलणं येतं ते तुम्ही उठल्यावर, उंबऱ्याजवळ, चपलेत पाय घालत असताना. "एक सांगू का पाळकसाहेब..." म्हणून मागून हळूच आवाज येतो. लेकीला सासरी मारहाण होते, मुलगा गोव्याला कामाला गेला तो दारूला लागला, सोसायटीचं कर्ज थकलंय. त्या क्षणी तुम्ही घड्याळ बघितलंत तर ते वाक्य तिथंच मरतं आणि पुन्हा वर्षभर येत नाही. म्हणून दिवसाला सात घरं ठेवू नका. दोन ठेवा. उठून उभं राहिल्यानंतरचा अर्धा तास राखून ठेवा.

कुठं बसायचं आणि केव्हा जायचं, हे गावागणिक वेगळं असतं आणि ते शिकावं लागतं. वडगाव-खासबागकडे माझ्या मंडळीत यंत्रमागावर काम करणारी काही कुटुंबं होती. मागाच्या खडखडाटात बोलणं शक्य नसतं, आणि माग थांबवायला सांगितलं तर त्याची मजुरी बुडते. सुरुवातीला मी बाजूला उभा राहून हातवारे करत परत यायचो. एकदा मी असताना लाईट गेली. चारही माग एकदम थांबले आणि त्या शांततेत तो माणूस, जो मला तीन वर्षं फक्त "बरं हाय" म्हणत आला होता, पंचेचाळीस मिनिटं बोलला. धाकट्या भावाशी वाटणीवरून वितुष्ट होतं. तोही आमच्याच मंडळीत, तिसऱ्या बाकावर बसणारा. एकाच प्यालातून प्रभुभोजन घ्यायचं आणि घरी बोलायचं नाही, हे त्याला सहन होत नव्हतं, म्हणून यायचाच बंद झाला होता. मला इतके दिवस वाटत होतं की याची श्रद्धा थंडावली आहे. उलट होतं. श्रद्धा होती म्हणूनच पाय अडखळत होता. त्यानंतर मी लाईट जायच्या वेळा विचारून त्या भागात जायचो. तुमच्याकडे माग नसतील, भात असेल, ऊस असेल, वीटभट्टी असेल. त्या कामात माणूस कुठल्या वेळी मोकळा असतो ते आधी शोधा.

तुमचा उपदेश चांगला आहे यावर माझा विश्वास आहे. तो सोडू नका. पण त्या भावांबद्दल कळल्यावर मी क्षमेवर जो उपदेश केला, तो आधीच्या तिन्ही वर्षांतल्या उपदेशांपेक्षा वेगळा झाला. त्यात त्या दोघांचा उल्लेख नव्हता, तसा कुठलाच दाखला नव्हता. तरी मी कुणाशी बोलतोय हे मला माहीत होतं. समोर कोण बसलंय ते ठाऊक असलं की माणूस मोठमोठे शब्द आपोआप टाळतो.

ही पद्धत कुणा एका पाळकाच्या स्वभावातून निघालेली नाही. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या मंडळीवर इमारतीचं कर्ज होतं. एका निवृत्त कप्तानानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हटलं, गरिबांना तेवढंही परवडणार नाही. तर तो म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्याला जमणार नाही त्याचं मी भरीन. असे बारा-बारांचे गट झाले. पेनी गोळा करायला दारोदार जाणाऱ्या लोकांच्या लक्षात आलं, की कुणाच्या घरी भांडण आहे, कुणी आजारी आहे, कुणी वाट सोडली आहे. वेस्लींना ते कळलं आणि त्यांनी ओळखलं की आपल्याला हवी होती ती गोष्ट हीच. मेथडिस्टांच्या क्लास मीटिंगचा उगम असा कर्जफेडीत आहे. आपल्या बेळगावात १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर आले, १९०४ साली ते काम मेथडिस्टांच्या हाती गेलं, आणि ही घरोघरची वहिवाटही आपल्याकडे पोचली. आपल्या आज्या "क्लास" हा शब्द शाळेच्या आधी मंडळीसाठी वापरायच्या, तो तिथला.

आता आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट, जी पुण्या-नगरकडच्या पाळकांना सांगून कळत नाही. इथं एका घरात दोन भाषा असतात. नोंदवहीत "मराठी मंडळी" लिहिलेलं असतं. पण सून गोकाककडची, आजी हुक्केरीची, मुलं कन्नड शाळेत, आणि उपासना मराठी. बाहेर भाषेवरून काय काय चालतं ते तुम्ही जाणता. मंडळीत मात्र हा प्रश्न स्वयंपाकघरातच कळतो.

माझ्या मंडळीत एक म्हाताऱ्या आजी होत्या. पन्नासएक वर्षं मराठी उपासनेत बसलेल्या, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ, महिला मंडळाच्या प्रार्थना मराठीत करायच्या. आत भाकरी थापताना त्या स्वतःशी काहीतरी पुटपुटायच्या. एकदा मी कान दिला, तर ते कन्नड होतं. विचारलं तर लाजल्या. म्हणाल्या, "आईनं शिकवलेलं हाय. तवा गरम हाय का बघताना म्हणायची सवय." माहेर गोकाककडचं. लग्नानंतर कन्नडात प्रार्थना कुणापुढं केली नव्हती. त्यानंतर मी गेलो की दारातूनच म्हणायचो, "ऊट आतेन्री, अज्जी?" म्हणजे जेवण झालं का, आजी? तेवढ्यावर त्या खुलायच्या. माझं कन्नड तोडकंमोडकं आहे, पण त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

शेवटी त्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होत्या. मुलगा, सून, नातवंडं सगळे जमले होते. मी मराठीत स्तोत्र वाचलं, प्रभूची प्रार्थना म्हटली. सगळे म्हणत होते, त्यांचे ओठ मात्र हलत नव्हते. मुलगा म्हणाला, "आता कळत नाही तिला." मी वाकून कानाशी म्हटलं, "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये..." आणि मला पुढचं नीट येत नव्हतं, मी तिथंच अडलो. पुढची ओळ त्यांनी म्हटली. अगदी बारीक आवाजात, न चुकता, शेवटपर्यंत. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. आपली आई कन्नडात प्रार्थना करते हे त्याला पन्नाशीत कळत होतं.

मला ते ठाऊक होतं, कारण एका दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात काही काम नसताना बसलो होतो. तुम्ही विचारता वेळ वाया जातो का. ती दुपार त्या दिवशी कुणालाही वायाच वाटली असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: कारण नसताना जा. आजारपण, मयत, बारसं, वर्गणी यांना तर जायचंच आहे, तिथं सगळेच जातात. पण रात्री दोन वाजता फोन लावायचा झाला तर माणूस कुणाला लावतो? जो साध्या मंगळवारी येऊन बसला होता त्याला. संकटाच्या दिवशी नवी ओळख करून घेता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेला पूर आला, निपाणी-चिकोडीकडची घरं पाण्यात गेली. तेव्हा मदतीचे ट्रक पुष्कळ आले. पण कुठल्या घरात इन्सुलिन घेणारा म्हातारा आहे, कुठं आठवा महिना भरलेली पोर आहे, हे ट्रकवाल्यांना ठाऊक नव्हतं. तिथल्या एका पाळकमित्राच्या खिशात वही होती. त्या वहीनं त्या दोन दिवसांत जे काम केलं ते मी पाहिलं आहे.

तर वही ठेवा. मोबाइलमध्ये नको, हरवतो आणि मुलं उघडतात. नाव-पत्ता रजिस्टरमध्ये असतोच. वहीत लिहा: चहात साखर नको, मोठा मुलगा मडगावला वेल्डर, म्हशीचं नाव गौरी, मयत झाली ती तारीख. शेवटचं फार महत्त्वाचं. दफनाला सगळं गाव येतं. तिसऱ्या महिन्यात कुणी येत नाही, आणि घर खरं रिकामं तेव्हा वाटतं. पहिल्या वर्षाच्या त्या तारखेला तुम्ही न बोलावता दारात उभे राहिलात तर वेगळं सांत्वन करावं लागत नाही. पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण उपासनेत वाचत नाही, नुसती नावांची यादी म्हणून सोडून देतो. ज्या शहरात तो तोवर गेलेलाही नव्हता तिथल्या पंचवीसेक माणसांना तो नावानिशी सलाम सांगतो, आणि रूफसाच्या आईबद्दल म्हणतो की ती मलाही आईच आहे. मला ती पौलाची वही वाटते.

पण वहीत जे लिहिता येत नाही त्याबद्दल माझी एक चूक सांगतो, कारण चहाड्यांबद्दल तुम्ही विचारलं आहे. एका घरातल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. कारण आईनं मला विश्वासानं सांगितलं. बुधवारच्या प्रार्थनासभेत मी नाव न घेता, अगदी कळवळून, "ज्या बहिणीच्या आयुष्यात असं असं घडलं आहे" म्हणून प्रार्थना केली. वाडीत किती मुलींची लग्नं त्या महिन्यात मोडली होती? एकच. गुरुवारी सकाळी नळावर सगळं झालं होतं. ते कुटुंब दोन वर्षं आलं नाही. मी माफी मागायला गेलो तर बापानं दार उघडलं, आत बोलावलं नाही, आणि म्हणाला, "देवाला सांगायचं होतं तर हळू सांगायचं होतं." मी दर महिन्याला जात राहिलो, बाहेरूनच परत येत राहिलो. मुलीचं दुसरीकडे लग्न ठरलं तेव्हा पत्रिका आली. त्या घरी मी आजही जातो, पण त्या मुलीच्या डोळ्यांत बघताना मला ती बुधवारची संध्याकाळ आठवते. चारचौघांतली प्रार्थना हीसुद्धा चहाडी होऊ शकते. सांगणाऱ्याला तोंडावर विचारल्याशिवाय कुणाचीही गोष्ट प्रार्थनेत, उपदेशात किंवा ग्रुपवर आणू नका. ग्रुपवर तर अजिबात नाही.

पक्षपाताची भीती खरी आहे. ज्या घरात खुर्ची मऊ असते तिथं पाय आपोआप वळतात. त्यावर उपाय सोपा आहे: वही महिन्यातून एकदा उघडा आणि कुणाकडे गेलो नाही ते बघा. १२० कुटुंबं, आठवड्याला पाच घरं, म्हणजे २४ आठवड्यांत एक फेरी. वर्षात दोन फेऱ्या होतात आणि सणवार, कॉन्फरन्स, आजारपण यांना जागा उरते. फेरी वस्तीच्या टोकापासून सुरू करा.

बाकीचं झटकन सांगतो. बाई घरात एकटी असेल तर पडवीत बसा, दार उघडं ठेवा, शक्यतो पाळकबाईंना बरोबर घ्या. त्यांना जे सांगितलं जाईल ते तुम्हाला कधीच सांगितलं जाणार नाही. कुणाला जामीन राहू नका. उसने देऊ नका, घेऊ नका. मदत करायची ती मंडळीच्या निधीतून, दोघा जणांना माहीत असताना. बदली झाल्यावर जुन्या मंडळीतल्या भांडणात फोनवरून सल्ले देऊ नका. तिथं आता दुसरा पाळक चहा पितो आहे.

आणखी एक, जे आमच्या वेळी नव्हतं. २०२१ च्या डिसेंबरात इथंच, बेळगावच्या सुवर्ण सौध या विधिमंडळाच्या इमारतीतल्या अधिवेशनात, धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेनं संमत केलं. तेव्हापासून घरी जमून प्रार्थना करताना लोक दबकतात, आणि पाळक गल्लीत शिरला की काही नजरा वळतात. म्हणून भेटी थांबवू नका. दिवसाउजेडी जा, वाटेत शेजाऱ्यांशी बोला, त्यांच्या घरची मयत असेल तर तिथंही टेका. माझ्या एका गावात शंका घेणारे लोक आले तेव्हा पुढं होऊन बोलला तो समोरचा दुकानदार. त्याच्या आईच्या आजारपणात मी मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात त्याच्याबरोबर दोन रात्री बाकावर काढल्या होत्या. त्या कुठल्या हिशेबानं काढल्या नव्हत्या.

व्हॉट्सॲप आणि लाइव्ह चालू ठेवा. गोव्यात, आखातात असलेल्या मुलांना ते लागतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मीही रोज दहा घरांना फोन केले. पण ज्यांच्या घरी आधी बसलो होतो ती माणसं फोनवर बोलली. बाकीची "हो, हो, आभारी आहे" म्हणाली.

आता टेलरमामा. त्यांना निरोप पाठवू नका, कमिटीतल्या कुणाला बरोबर नेऊ नका, आणि घरी तर आधी जाऊच नका, कारण घरी त्यांना बायको-मुलांसमोर उत्तर द्यावं लागेल. दुकानात जा. बाजाराचा दिवस आणि लग्नसराई टाळा, दुपारी तीनच्या सुमारास जा, तेव्हा मशीन जरा थांबलेली असते. एक शर्टाचं कापड घेऊन जा. मापं घेऊ द्या. मापं घेताना माणूस इतका जवळ येतो की काहीतरी बोलणं भागच पडतं, पण ते त्यांनी बोलू दे. उपासनेचा विषय तुम्ही काढू नका. स्टुअर्डपण कसं गेलं, कुणी काय म्हटलं, हिशेबावरून काय झालं, हे तुम्हाला मंडळीतल्या चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलं असणार. ते सगळं दुकानाबाहेर ठेवून जा. शर्ट कधी मिळेल विचारा. त्यांनी चहा मागवला तर बसा, नाही मागवला तर उठा. सांगितलेल्या दिवशी शर्ट घ्यायला स्वतः जा, कुणाला पाठवू नका, आणि शिलाईचे पूर्ण पैसे द्या. ते घेणार नाहीत, तरी द्या. मग तो शर्ट घालून रविवारी उभे राहा. लाइव्ह ते घरी बघत असतील तर त्यांना आपली शिलाई ओळखू येईल. त्यानंतरच्या आठवड्यात एक बटण सैल झालंय म्हणून पुन्हा जा, पण ते खरोखर सैल झालं असेल तरच. नसेल तर नुसतेच जा.